जाखाईचं उसनं

ओढ्यात उतरून किडे धरायला शिकण्यात आण्णाप्पा खोराटेचा फायदा काय, हा हिशेब मी पहिल्याच रविवारी मनात मांडून बघितला. तो काही जुळेना.

बाकीच्यांचा जुळत होता. भाटले मास्तर निवृत्त होऊन घरी बसलेले. त्यांना सकाळी बाहेर पडायला निमित्त हवं होतं, आणि त्यांच्या घरच्यांना त्याहून जास्त. कॉलेजातल्या पोरापोरींना प्रमाणपत्र मिळणार होतं, वर उघडपणे गाठ पडणार होती ती वेगळीच. बचत गटाच्या बायकांना तर सांगूनच आणलेलं. माझं म्हणाल तर मी पिग्मी एजंट. रोज दारोदार फिरायचं, लोकांची थोडीथोडी बचत गोळा करायची आणि पतसंस्थेत भरायची. बारा गिऱ्हाइकं आपल्या पायांनी चालत येऊन एका जागी उभी राहणार असतील, तर माझे बारा जिने वाचत होते. ओढ्याचं भलं झालं तर ते वरकड.

पण आण्णाप्पा? त्याचं सर्व्हिसिंग सेंटर ओढ्याच्या अगदी काठावर. मोटर लावून ओढ्यातलं पाणी उचलायचं, ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली धुवायच्या, आणि तेल, ग्रीस, साबण मिसळलेलं काळं पाणी उताराला सोडून द्यायचं. उतार ओढ्याकडंच. ओढा कुणी बिघडवला अशी चर्चा निघाली की पहिलं बोट त्याच्याकडं जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि असा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी काठावर हजर!

"आण्णाप्पा, तू हिकडं कसा काय?" मी विचारलं.

"का अक्का? ओढा काय तुमच्या पतसंस्थेचा हाय?"

"तसं न्हवं. शर्टाला इस्त्री दिसतीया म्हणून म्हटलं."

"शाळंला जाताना माणूस नीट जातंय," तो म्हणाला आणि पँट गुडघ्यापर्यंत वळून थेट पाण्यात शिरला.

शिकवायला उल्का साठ्ये नावाच्या बाई आल्या होत्या. कोल्हापूरच्या एका संस्थेतून. गावोगावच्या लोकांना आपापले ओढे कसे ओळखायचे, कसे सांभाळायचे ते शिकवायचं, आणि शिकलेल्यांची एक तुकडी मागं ठेवून पुढच्या गावाला जायचं, असं त्यांचं काम. आमच्या तुकडीचं नाव 'ओढामित्र'. नाव मास्तरांनी काढलं होतं, त्यामुळं तुकडीचे प्रमुखही तेच झाले.

उल्का मॅडमनी पाण्यातला एक दगड उलटा केला आणि पांढऱ्या ताटात धरून त्यावरून हळूच पाणी ओतलं. ताटात इवले इवले जीव वळवळायला लागले.

"पाणी बाटलीत भरून तपासायला पाठवलं, तर बाटली त्या एका दिवसाचं सांगते," त्या म्हणाल्या. "ह्या अळ्या महिनोन्‌महिन्यांचं सांगतात. त्या इथंच राहतात, ह्याच पाण्यातून श्वास घेतात. मध्येच एक दिवस घाण आली तरी नाजूक असतात त्या मरून जातात. म्हणून बाटलीला फसवता येतं, अळीला येत नाही."

"येत न्हाई?" आण्णाप्पानं विचारलं.

"नाही."

"अजाबात?"

"अरे, बाईंची उलटतपासणी घेतोयस का?" मास्तर म्हणाले. सगळे हसले. आण्णाप्पा हसला नाही.

मॅडम एकेका अळीची ओळख करून देत होत्या. मास्तर तिला मराठीत भारदस्त नाव शोधत होते, आणि त्यांचं नाव सापडायच्या आत बायका आपलं नाव ठेवून मोकळ्या होत होत्या. तीन शेपट्या असलेली ती तीनशेपटी. घाण पाण्यात चिखलात राहणारी लालभडक ती तांबडी. आणि एक होती ती वाळूचे खडे लाळेच्या धाग्यानं जोडून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधायची आणि ते घर अंगावर वागवत फिरायची.

"म्हंजे घर बांधायचं बी हिनंच आणि ओझं वाहायचं बी हिनंच," बचत गटातली हौसाबाई म्हणाली. "ही घरवाली."

मास्तरांनी तोंड वाकडं केलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. कुठली अळी सापडते त्यावर ओढ्याला गुण, आणि घरवालीला सगळ्यात जास्त. ती असली म्हणजे ओढ्याची तब्येत बरी.

"आणि ती वाढली की घर पुरत नाही," मॅडम सांगत होत्या. "मग तोंडाकडच्या बाजूनं आणखी खडे लावते. आपण घराला पुढं पडवी काढतो ना, तसं."

आण्णाप्पानं ताट अगदी नाकाजवळ नेलं होतं. "आमच्या सेंटराच्या खाली हाय का ही?"

त्या दिवशी तेही बघितलं. त्याच्या रॅम्पच्या खालच्या अंगाला कुठलाही दगड उलटा केला तरी नुसत्या तांबड्या. घरवाली एक नाही, तीनशेपटीही नाही. आण्णाप्पाचा चेहरा बघून मला त्याच्या फायद्याचा पहिला धागा सापडला.

पुढचा धागा नगरपंचायतीत सापडला. पिग्मीसाठी मी तिथल्या प्रत्येक टेबलाशी जायचीच. ठराव झाला होता. ओढ्याच्या काठची गाड्या धुण्याची जागा हलवून गावाबाहेर बायपासला न्यायची. पण आण्णाप्पानं अर्ज केला, घर-दार तिथंच आहे म्हणून सांगितलं. तेव्हा साहेबांनी मधला मार्ग काढला. ओढामित्रांचं शिक्षण पुरं झालं की शेवटी सगळ्यांसमोर तपासणी होणार, त्यात सेंटरच्या खालचं पाणी 'बरं' निघालं तर त्यानं तिथंच राहावं, 'वाईट' निघालं तर बायपास. बायपासला कुत्रंही फिरकत नव्हतं तेव्हा. गाडी धुवायला टाकून माणूस चहाला जातो, दाढीला जातो, बाजार करतो. माळावर गाडी टाकून तो कुठं जाणार? सेंटर हललं म्हणजे बसलंच.

आता हिशेब जुळला. पेपर कसा तपासतात हे शिकायला आण्णाप्पा वर्गात बसला होता. आणि खरं सांगते, तो शिकलाही सगळ्यांपेक्षा चांगला. मास्तर वहीत चित्रं काढत राहिले, पोरं एकमेकांकडं बघत राहिली, मी येणी गोळा करत राहिले. आण्णाप्पा मात्र दगड उचलायच्या आधी सांगायचा, "ह्याखाली दोन तीनशेपट्या निघत्यात बघा," आणि निघायच्या. उल्का मॅडमचा तो लाडका झाला.

*

आमच्या ओढ्याचा उगम वर जाखाईच्या राईत. तिथं जांभ्या दगडाचा सडा आहे, पाण्याखालची वाळूही तांबूस, पाणी काचेसारखं. जाखाईच्या राईतली वाळली काडीसुद्धा कुणी उचलत नाही. पण माणसाला अडीनडी असते, आणि देवीला ते कळतं. म्हणून तिच्याकडून उसनं आणायची रीत आहे. गुरवाकरवी कौल मागायचा. काय न्यायचं ते तोंडानं स्पष्ट सांगायचं. देवीला ओली फुलं चिकटवतात, त्यातलं उजव्या अंगाचं पडलं की परवानगी. मग न्यायचं, आणि ठरल्या मुदतीत जसं नेलं तसं परत करायचं. दगड नेला तर दगड, झाड नेलं तर झाड जगवून. आणि एक अट. उसनं आहे तोवर ते आपलं म्हणून मिरवायचं नाही. कुणा एकानं म्हणे राईतल्या लाकडाचा दरवाजा केला आणि पाहुण्यांना सांगितलं, आमच्या आज्ज्यानं लावलेल्या झाडाचा आहे. त्या दरवाजातून आलेली एकही सून पुढं टिकली नाही. सासू कशी होती ते कुणी सांगत नाही. पण गाव अट पाळतं.

भैरू गुरवाचीही माझ्याकडं पिग्मी होती. गुरवाच्या पोटात देवाचं राहतं, माणसाचं राहत नाही. एका संध्याकाळी पैसे देता देता तो म्हणाला, "अक्का, परवा आण्णाप्पा आल्ता. कौल लावून घेतला."

"कशाचा?"

"त्येच तर. म्हणतोय, आई, घरवाल्या नेतो. मी हातातलं ताट खाली ठेवलं. म्हटलं, मर्दा, कुणाच्या?"

मला हसू आवरेना.

"हसू नका. किडं हाईत म्हणं पाण्यातलं. आता जल्म गेला माझा कौल लावण्यात, पण किड्याचा कौल कुणी मागितला न्हवता. म्हटलं, आई बघंल काय ते. फुलं लावली. तर उजवं पडलं की!"

"आणि परत कधी देणार म्हणाला?"

"माघी पुनवंच्या जत्रंला. जित्त्या परत आणतो म्हणालाय. मीच म्हटलं, जित्त्या हा शबूद कशाला घालतोस, नुसतं आणतो म्हण. न्हाई ऐकला. देवीपुढं लबाडी कशाला, म्हणाला."

देवीपुढं लबाडी नको. साहेबापुढं चालेल. माणसं आपल्या लबाडीलाही सोवळं-ओवळं ठेवतात, हे मला धंद्यानं शिकवलं होतंच.

मी मॅडमना सांगितलं नाही. एजंटानं एका घरचं दुसऱ्या घरी नेलं की धंदा संपला.

दोन-तीन दिवसांनी मी सेंटरला गेले तर आण्णाप्पा रॅम्पच्या खाली पाण्यात उकिडवा बसलेला. हातात पांढरं ताट.

"मेल्या," तो म्हणाला.

"कोण?" मी उगाच विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. "भैरूनं सांगितलं न्हाई असं म्हणू नगा. मेल्या समद्या. काल एक ट्रॅक्टर धुतला, बस्स. सकाळी बघतोय तर घरं तशीच, आतली मेलेली."

ताटात तांबूस खड्यांच्या नळ्या पडल्या होत्या. नखाएवढ्या.

"मग दुसऱ्या आण."

"आणीन हो. पण ह्या कशा परत देऊ? जित्त्या म्हणून बोललोय."

"चार किडे, आण्णाप्पा."

"चार असूंद्यात न्हाईतर चाळीस. बोललोय ते बोललोय," तो म्हणाला आणि ताटातल्या नळ्या एका डबीत भरून त्यानं देवघरात नेऊन ठेवल्या. सगुणा, त्याची बायको, दारातून बघत होती. तिनं कपाळावर हात मारला.

दुसऱ्यांदा कौल लावताना म्हणे उजवं फूल पडायला फार वेळ लागला. गुरव म्हणाला, आण्णाप्पाला घाम फुटला होता.

ह्या खेपेला घरवाल्या आणायच्या आधी त्यानं खड्डा खणला. एकापुढं एक अशी तीन पिंपं पुरली. पहिल्यात गाळ बसायचा, दुसऱ्यात काथ्या भरलेला, तो तेल धरून ठेवायचा, तिसऱ्यात वाळू. तिथून पाझरलेलं पाणी परसातल्या केळींना. ओढ्यात थेंब नाही. मग त्यानं घरवाल्या आणून सोडल्या आणि रोज उजाडता उजाडता पाण्यात उतरून त्यांची विचारपूस करायला लागला.

पण पिंपं लहान. दोन-चार गाड्या धुतल्या की भरायची, मग निवळेपर्यंत थांबायचं. गिऱ्हाईक थांबत नाही. मी गेले की सगुणा गाऱ्हाणं घेऊन तयारच.

"अक्का, पाटलाचा ट्रॅक्टर परत पाठवला ह्यांनी. का? तर किड्यास्नी सोसायचा न्हाई म्हणं! माझ्या दोन बाळंतपणात ह्या माणसानं एकदा इचारलं न्हाई सोसतंय का म्हणून."

"तेव्हा तुला गुण नव्हते," मी म्हटलं.

"व्हय! घरवालीला सगळ्यात जास्ती गुण म्हणत्यात. मलाबी एकदा पाण्यातनं काढून बघा म्हणावं."

आण्णाप्पा पाण्यातूनच ओरडला, "अगं, जागा राह्यली तर तुझंच घर राह्यलं न्हवं! कुणासाठी करालोय?"

ते खरंच होतं. त्या घडीला तरी ते खरं होतं.

*

तपासणीचा दिवस उजाडला. सगळे ओढामित्र, उल्का मॅडम, नगरपंचायतीचे साहेब पॉलिश केलेल्या बुटांत. जत्रा तोंडावर आल्यानं भैरू गुरव फुलांची टोपली घेऊन वर चालला होता. गर्दी बघून तो ओढ्यावरच्या साकवावरच थांबला आणि टोपली कठड्यावर ठेवून टेकला. गुण लिहायचं काम माझं, अक्षर चांगलं म्हणून. पाण्यात उतरून दगड उचलायचं काम ज्याचा हात सगळ्यात चांगला त्याचं. मॅडमनीच नाव घेतलं, "आण्णाप्पा."

म्हणजे आरोपीनंच पंचनामा करायचा. मला गंमत वाटली. साहेबांना काहीच वाटलं नाही. त्यांना जेवणाआधी दुसऱ्या गावाला जायचं होतं.

पहिला दगड. मॅडमनी ताटात बघितलं. "तीनशेपटी! इथं?"

मास्तर वाकले. "अरे वा!"

पुढचा दगड. पुन्हा तीनशेपटी. एक चतुराचं पिल्लू. तांबड्या जवळजवळ नाहीतच. ह्या कशा आल्या हे मला कळेना, कारण आण्णाप्पानं कौल मागितला होता तो फक्त घरवाल्यांचा. मी त्याच्याकडं बघितलं तर तोही चकित झालेला. वरून वाहत येऊन, पाणी बरं वाटलं म्हणून त्या आपल्या आपण राहिल्या होत्या. त्यांना कुणी आणलं नव्हतं.

आणि मग घरवाल्या निघाल्या. एका दगडाला दोन, दुसऱ्याला तीन. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"बेरीज करा अक्का," साहेब म्हणाले. "बरं म्हणून टाकू. आण्णाप्पा, पेढे आणा."

उल्का मॅडमनी मात्र एक घरवाली तळहातावर घेतली होती. त्यांनी ती उन्हाकडं धरली, चष्मा कपाळावर सरकवला. मग खाली वाकून ओढ्यातली चिमूटभर वाळू उचलली आणि शेजारी धरली. आमच्याकडची वाळू काळी. घरवालीचं घर तांबूस.

"आण्णाप्पा," त्या म्हणाल्या, "ही इथलीच का?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. 

"इथलीच की," मास्तर म्हणाले. "इथंच तर सापडली आमच्यासमोर!"

"मी आण्णाप्पाला विचारते आहे."

आण्णाप्पा गुडघाभर पाण्यात उभा होता. 'व्हय' एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. साहेब घड्याळ बघत होते, त्यांना तेवढं पुरलं असतं. मॅडम आग्रह धरणाऱ्यातल्या नव्हत्या. मीही मान खाली घालून लिहायला मोकळी झाले असते. सगुणा रॅम्पवर उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून.

त्यानं सगुणाकडं बघितलं. मग मान वर करून साकवाकडं. गुरव कान कोरत होता.

"न्हाई," आण्णाप्पा म्हणाला.

"काय नाही?" साहेब म्हणाले.

"इथल्या न्हाईत. घरवाल्या उसन्या हाईत. जाखाईच्या."

साहेबांना अर्थच लागला नाही. मास्तरांना लागला आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे तू... अरे, कॉपी केलीस?"

"व्हय मास्तर. बाकीच्या आपणहून आल्यात. त्या मी आणल्या न्हाईत, गुरवाला इचारा. पण घरवाल्या आमच्या म्हणता येत न्हाई मला."

"तसंच हाय," साकवावरून गुरव म्हणाला. "कौल घरवाल्यांचाच हुता."

उल्का मॅडम अजून तळहाताकडंच बघत होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. "अक्का, हे बघा. मागचा भाग तांबडा आहे. आणि हा पुढचा?"

मी बघितलं. तोंडाकडं काळ्या खड्यांची एक बारीक कड होती. दुसरी बघितली, तिलाही. तिसरीला तर चांगली रुंद.

"पडवी," मी म्हटलं.

"मागचं घर राईतलं, पुढचं इथलं. ही आणलेली आहे, पण इथं राहिली आहे. वाढली आहे. इथल्या पाण्यात." त्या साहेबांकडं वळल्या. "सर, हे पाणी सुधारलंय. माझ्या कामात असं मी कधी बघितलं नव्हतं. मी शेऱ्यात लिहिते."

"जरूर लिहा," साहेब म्हणाले. "शेऱ्याला गुण असतात का?"

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "नाही. आणि आणलेल्या अळ्या मला मोजता येणार नाहीत. तो नियम माझाच आहे."

"मग घरवाल्या सोडून बेरीज करा."

बेरीज मी केली. दोनदा केली. थोडक्यात हुकलं होतं, पण हुकलं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते म्हणून मला ते मोठ्यानं म्हणावं लागलं. "वाईट."

सगुणा आत निघून गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला.

मास्तर आण्णाप्पाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "प्रामाणिकपणाचं फळ मिळतं रे."

"मिळालं की," आण्णाप्पा म्हणाला. "बायपास."

गुरव टोपली उचलून निघाला तेव्हा मी त्याला साकवावर गाठलं. "तू नसतास तर तो 'व्हय' म्हणाला असता."

"मी काय केलं? मी फुलं घेऊन चाललो हुतो."

"थांबलास कशाला मग?"

"पाय दुखत हुतं," गुरव म्हणाला.

*

पुनवेला आण्णाप्पा बादलीत घरवाल्या घेऊन राईत गेला. जत्रेच्या गर्दीत मीही होते. त्यानं एकेक घरवाली हातानं दगडाला लावून पाण्यात सोडली. काळी पडवी असलेल्या तांबड्या घरांच्या. माहेरी आलेल्या पोरीच्या अंगावर सासरचं नवं लुगडं असावं, तशा. मग त्यानं खिशातली डबी काढून गुरवापुढं धरली.

"ह्या मेलेल्या. ह्यांचं काय?"

गुरवानं पुन्हा कौल लावला. फुलं चिकटून बसली. उजवं पडेना, डावंही पडेना. मागं नवसाची माणसं खोळंबली, कुणी कुणी कुरकुरायला लागलं. शेवटी गुरवानं माझ्याकडं बघितलं आणि त्याला काय सुचलं कोण जाणे, म्हणाला, "आई गप हाय. म्हंजे मुदत देतीया. एकदम न्हाई जमत तर अक्काची पिग्मी असती तसं कर. थोडं थोडं फेड."

"कसं?"

"तिचंच पाणी खाली येतंय न्हवं? त्येच्याकडं बघत जा."

किती दिवस, हे गुरवानं सांगितलं नाही. आण्णाप्पानं विचारलं नाही. माझ्या धंद्यात असा करार कुणी करत नाही.

सेंटर बायपासला गेलं. पहिली काही वर्षं फार ओढाताणीची गेली. सगुणानं शेवया-पापड करून विकले. आण्णाप्पा मध्येच एका ट्रकवाल्याकडं कामाला राहिला. माझ्याकडची पिग्मी त्यानं बंद केली. एक भरतोय ती पुरे, म्हणाला. काठावरच्या त्या जागेत नगरपंचायतीनं दोन बाकडी टाकली आणि 'ओढामित्र उद्यान' असा फलक लावला. फलकाच्या मागं लोक कोंबड्यांची पिसं टाकायला लागले.

मॅडम पुढच्या गावाला गेल्या. शिकलेली तुकडी मागं राहिली होती, ती बघत जाईल असं त्यांच्या अहवालात असणारच. पोरं नोकरीला पुण्याला गेली, त्यातल्या दोघांचं लग्न झालं. बायकांचा बचत गट मोडला. मास्तर दोन पावसाळे बोलत राहिले, मग वारले.

परवा रविवारी मी साकवावरून चालले होते. आता गुडघे धरतात, म्हणून कठड्याला टेकले, गुरव टेकायचा तिथंच. खाली आण्णाप्पा पाण्यात. डोक्याचे केस सगळे पांढरे, पँट तशीच गुडघ्यापर्यंत वळलेली, काठावर गोळा केलेल्या पिसांचं पोतं. दर रविवारी येतो, हे मला ठाऊक होतं. गावालाही ठाऊक आहे. गाव त्याला 'किडेवाला' म्हणतं.

"अक्का, खाली या. दाखवतो एक."

उतरायला मला वेळ लागला. त्यानं तळहात पुढं केला. त्यावर एक घरवाली होती. मी चष्मा लावून बघितलं, मागून बघितलं, पुढून बघितलं. तांबडा खडा एकही नाही. अख्खं घर काळं.

"ही कुणाची उसनी न्हाई," तो म्हणाला. "हितंच जन्मलीया."

"मग फिटलं की तुझं देणं."

"फिटलं आसंल."

"जाखाईला जाऊन सांग तसं. हो मोकळा."

त्यानं घरवालीला दगडाला लावलं, दगड जागच्या जागी ठेवला, हात पँटला पुसले.

"फिटलं म्हटलं तर पुढच्या रविवारी हितं कोण उतरणार, अक्का? तुम्ही?"

मी पोत्याचं एक टोक धरलं, दुसरं त्यानं धरलं, आणि साकवापर्यंत नेलं. तिथं माझा हात भरून आला म्हणून सोडलं.

हिशेबच लावायचा तर तो असा आहे. शिकलो तेराजण. नगरपंचायतीला फलक मिळाला, मास्तरांना पेपरात फोटो, पोरांना प्रमाणपत्र आणि दोघांना एकमेकं, मॅडमना न मोजता येणारा एक शेरा, ओढ्याला घरवाली. ह्या सगळ्याची पिग्मी आण्णाप्पा भरतो. पावती कुणी फाडत नाही.